पिंजऱ्यात हात घातलेला पुतळा

आमच्या शहरातल्या प्राणिसंग्रहालयाच्या दारात आता एक पुतळा आहे. जनावरं सांभाळणाऱ्यांच्या सन्मानाचा म्हणे. गजांतून आत घातलेला हात, हाताखाली वाघिणीचं डोकं. तो हात माझ्या मामाचा. शिल्पकारासाठी मामाला प्राणिसंग्रहालयाच्या साहेबांनीच तसं उभं केलं, फोटो काढून ऑफिसात लावला. पुढं तपासणीवाले आले, त्यांनी फोटो बघितला. प्राण्याला हात लावणं आता नियमात बसत नाही. आपणच उभं केलं होतं हे साहेबांनी सांगितलं नाही, आणि मामाला वाघिणीवरून काढून गेटवर झाडलोटीला लावलं.

मी मोर्च्यांची पत्रकं लिहिणारी. म्हटलं, या नियमाविरुद्धच पत्रक काढते. मामा भडकला.

"नियम बराबर हाय, पोरी. जनावराला मानसाची सवय लावूच नाय. आमाला तवा कुठं कळत होतं? पन ही म्हातारी झाली माझ्या हाताखाली. तिला कोन समजावनार?"

वाघिणीनं खाणं सोडलं होतं. मामा फुलंब्रीकडच्या मेंढपाळाच्या घरातला. टाळूला जीभ लावून मेंढरांना मारायची हाक तो तिलाही मारायचा, ती ऐकूनच वाघीण मांसाजवळ यायची. नव्या माणसाला काही ती हाक जमेना. मी साहेबांच्या केबिनबाहेर ठाण मांडलं. हात लावणार नाही, लांबून नुसती हाक मारू द्या, एवढंच मागणं.

"पुतळ्याच्या अनावरणाला आणा त्यांना. जुनी खाकी घालून," साहेब म्हणाले. "मग बघू."

मामा खाकी घालून आला. त्याला पुतळ्याशेजारी उभं केलं, हार घातला. भाषण चालू असताना तो माझ्या कानाशी पुटपुटला, "ह्याला बी नोटीस द्या म्हनावं. हात आतच हाय ह्याचा."

मला हसू फुटलं. तो हसत नव्हता.

भाषणं आटोपल्यावर त्यानं विचारलं, "सायेब, जाऊ का तिच्याकडं?"

"आज पाहुणे आहेत हो काका. उद्या बघू."

मग हार गळ्यात तसाच, मामा तिथूनच पिंजऱ्यांच्या दिशेनं हाक मारायला लागला. बँड वाजत होता. बंद करा, बंद करा म्हणून मी घसा फोडला. लोकांना वाटलं, घोषणा देतेय.

घरी येऊन त्यानं खाकी धुतली, दोरीवर टाकली.

"सकाळपस्तोर वाळंल," म्हणाला. "उद्या म्हनलेत ना सायेब."

उद्या साप्ताहिक सुट्टी होती. साहेब यायचेच नव्हते. मला माहीत होतं. मामालाही असणारच, त्याची उभी नोकरी तिथंच गेली.