एक थळे

दामोदर थळे गेल्याचं मला रेवसच्या लाँचीत कळलं. आमच्या जुन्या कचेरीतल्या एका कारकुनाने सांगितलं आणि वर हसून विचारलं, "ते 'एक थळे'वाले हेच ना?" मी नुसती मान हलवली.

पंधरा वर्षांपूर्वी आम्ही दोघे अलिबागच्या वेधशाळेत पृथ्वीचं चुंबकत्व मोजत असू. चुंबकसुईच्या खोलीत लोखंड न्यायची सक्त मनाई. किल्ल्या, चाकू, खिळ्यांच्या वहाणा बाहेर ठेवायच्या. थळे सुई वाचायचा, मी शेजारी उभा राहून आकडे लिहायचो. ते आकडे गॉसमध्ये, म्हणजे एका जर्मन पंडिताच्या आडनावात. थळ्याला याचं फार अप्रूप. "मानूस मेला तरी नाव मापात ऱ्हातं, बग," म्हणायचा.

मग एका वर्षी आम्ही आत गेलो की सुई उडू लागली. रोज तेवढीच. सुईपाशी थळे, म्हणून कुणीतरी त्या उडण्याच्या मापाला 'एक थळे' म्हटलं आणि ते चिकटलं. साहेबांनी थळ्याला शेवटची ताकीद दिली... "तू तर बगतस ना," थळे मला म्हणाला, "माझे आंगावर टाचनी बी न्हाय." मी बघत होतो. माझ्या धोतराखाली अंतर्गळाचा पट्टा होता, त्याच वर्षी बांधू लागलेला, पोलादी स्प्रिंगचा. नोकरीच्या तपासणीत मी ते दुखणं लपवलं होतं. कळतं तर मी घरी बसलो असतो.

दुसऱ्या दिवशी सुई उडालीच. थळ्याला तिथून काढून पाऊस मोजायला बसवलं. त्याच्या जागी आलेल्या माणसाबरोबर मी पट्टा न बांधता, कळ सोसत आत गेलो. सुई हलली नाही. दोष थळ्याचाच, यावर शिक्कामोर्तब झालं. मी भ्याड होतो, दुसरं काय.

गेल्या आठवड्यात त्याच्या घरी गेलो. वहिनी म्हणाल्या, "रोज सकाली ते आंग चाचपायचे. कनवट, करगोटा... म्हनायचे, कुठंतरी लोखंड असलंच, मनाच गावत न्हाय. शेवटच्या दिशी बी हात तसाच फिरत व्हता."

तेव्हा मी त्यांना सगळं सांगितलं.

"हे मना सांगून काय?" त्या म्हणाल्या. "हसतात त्यांना सांगा."

कचेरीत पत्र दिलं आहे, इथेही लिहितो. यापुढे ती सुई उगाच उडाली, तर 'एक कर्णिक' उडाली म्हणावं. कर्णिक माझं आडनाव.