बाडेन-बाडेनमध्ये न हलणारी जमीन

"तुम्हाला नक्की काय हवंय?" हॉटेलच्या मॅनेजरनं मला पुन्हा एकदा विचारलं, तेव्हा मी त्याच्या बॉलरूमच्या लाकडी फरशीवर पालथी पडले होते. वर झुंबर, भिंतींवर सोनेरी नक्षी, खिडकीतून दिसणारे कॅसिनोचे पांढरे खांब. मी उठून बसले आणि म्हणाले, "न हलणारी जमीन."

तो जरा दुखावला. "आमची जमीन हलत नाही."

मी फरशीवरच्या कंपन मोजणाऱ्या उपकरणाला जोडलेला लॅपटॉप त्याच्याकडे वळवला. "तुम्ही दारापर्यंत चालून येता का?"

तो गेला आणि आला. त्याच्या प्रत्येक पावलाला स्क्रीनवरची रेघ उसळत होती. तो बराच वेळ त्या रेघेकडे बघत राहिला. मग म्हणाला, "मी तसा जाड नाही."

"प्रश्न तुमचा नाही. खालचं लाकूड जुनं आहे आणि त्याच्याखाली पोकळी आहे."

माझी कंपनी जर्मनीतल्या येना या गावातली. येनात भिंगं, आरसे, लेझर यांचं काम पिढ्यान् पिढ्या चालत आलंय. नागपूरहून फिजिक्समध्ये एम.एस्सी. करून मी तिथे पीएचडीला गेले आणि मग तिथेच नोकरीला लागले. आम्ही एक मोजमापाचं यंत्र बनवलं होतं. मोठ्या दुर्बिणीचा आरसा घासून झाला, की तो कुठे किंचित उंच राहिला, कुठे किंचित खोल गेला हे लेझरच्या प्रकाशानं मोजायचं. किंचित म्हणजे किती, तर केसाच्या जाडीचे हजारो काप केले तर त्यातल्या एका कापाहून कमी. एवढं बारीक मोजणारं यंत्र टेबलाशेजारी कुणी खोकलं तरी बिथरतं.

असे आरसे बनवणारे लोक जगात मोजकेच. ते त्या वर्षी बाडेन-बाडेनला जमणार होते. ब्लॅक फॉरेस्ट नावाच्या जंगलाच्या कुशीतलं हे गाव, गरम पाण्याचे झरे आणि कॅसिनो यांच्यासाठी प्रसिद्ध. दिवसा मीटिंग, संध्याकाळी कॅसिनो, असा त्यांचा बेत. त्यांना येनाला यायला वेळ नव्हता. म्हणून यंत्रच तिकडे न्यायचं ठरलं. आधीच्या वर्षी दुसऱ्या एका शहरात आम्ही असाच डेमो हॉटेलच्या हॉलमध्ये दिला होता आणि आलेख सगळा वेळ नाचत होता. पाहुणे नम्रपणे कॉफी पिऊन निघून गेले. यंत्र चांगलं होतं, जागा वाईट होती. पण पाहुण्यांना दिसलं ते वाईट यंत्र. या वेळीही तसंच झालं असतं, तर आमचा ग्रुप बंद करून सगळ्यांना इतरत्र वाटून टाकतील हे सगळ्यांना ठाऊक होतं. तोंडानं कुणी म्हणत नव्हतं.

"हॉटेल तुम्ही निवडा, फ्राऊ मेश्राम," माझे बॉस डॉक्टर ब्रांट म्हणाले. "फक्त एक लक्षात ठेवा. पाहुणे मोठे आहेत. हॉटेलही तसंच दिसलं पाहिजे."

त्याच सुमारास माझ्या सासूबाई नागपूरहून आमच्याकडे आल्या होत्या. मिलिंद, माझा नवरा, म्युनिकजवळ उंटरश्लाइसहाइमला नोकरी करायचा आणि एरवी शनिवार-रविवार घरी यायचा. नेमका त्या आठवड्यात त्याच्या प्रोजेक्टचं रिलीज होतं. आईंना येनात एकटं ठेवणं मला बरं वाटेना.

"आई, चला माझ्याबरोबर. गरम पाण्याचे झरे आहेत, गुडघ्यांना बरं वाटेल."

"आणि तू तिथं काय करून राहिली?"

"हॉटेलांच्या फरशा तपासणार आहे."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. आई म्हणजे महापालिकेच्या शाळेतल्या निवृत्त भूगोलाच्या शिक्षिका. कुणी थट्टा करतंय की खरं बोलतंय, हे त्यांना चेहऱ्यावरून कळायचं. त्या शाल घेऊन आल्या.

ऑफिसची गाडी, मागे सिस्मोमीटर, म्हणजे भूकंपाची हालचाल टिपणारं उपकरण. आमच्या ओळखीच्या एका संस्थेनं तो उसना दिला होता. ह्या उपकरणात एक वजन स्प्रिंगवर टांगलेलं असतं. जमीन हलली तरी वजन आळशासारखं जागेवरच राहू पाहतं. जमीन आणि वजन यांच्यात जो फरक पडतो, त्याची रेघ लॅपटॉपवर उमटते. दिसायला स्टीलच्या डब्यासारखं, जपायला तान्ह्या बाळासारखं.

बॉलरूम बाद झाल्यावर आम्ही दुसऱ्या हॉटेलात गेलो. नवीन इमारत, काँक्रीटचा भक्कम स्लॅब. मला आशा होती. पण खाली गाड्यांचं पार्किंग होतं आणि प्रत्येक गाडी वळली की रेघ वाकडी व्हायची. तिसऱ्या हॉटेलात रेघेवर सतत एक बारीक थरथर. तिथल्या माणसाला विचारलं तर तो अभिमानानं म्हणाला, "अहो, आमच्या बाथसाठी थेट झऱ्याचं पाणी येतं. पंप कधीच बंद नसतो."

दुपारपर्यंत माझ्याकडचे सगळे मोठे पर्याय संपले. मी आईंना शोधायला गेले. जुन्या स्नानगृहांच्या मागच्या गल्लीत, गरम पाण्याच्या एका सार्वजनिक नळापाशी त्या उभ्या होत्या. पाण्यातून वाफ निघत होती. त्यांनी बोट लावून झटकन मागे घेतलं होतं, ते लाल झालं होतं.

"सुजाता, हे कुणी तापवत नाही ना?"

"नाही आई. खूप खोलवरून येतं. हजारो वर्षांपूर्वी पडलेला पाऊस जमिनीत मुरला, खोल जाऊन तापला आणि आता वर येतोय असं म्हणतात."

त्या वाफेकडे बघत राहिल्या. जाणारे-येणारे पर्यटक फोटो काढून पुढे जात होते. आई मात्र पाण्याजवळून हलेनात. "हे पाणी पडलं तेव्हा इथं गावच नसेल," थोड्या वेळानं त्या म्हणाल्या. "शेतीही नसेल."

मग मला वाटलं, आपण चुकीच्या बाजूला शोधतोय. नदीकाठची जमीन मऊ गाळाची. मोठी हॉटेलं तिथेच, कारण बागा तिथे आणि कॅसिनो तिथे. आपल्याला हवा खडक. खडक म्हणजे ज्यातून हे पाणी वर येतंय तो डोंगर.

डोंगराच्या उतारावर फ्राऊ त्सीग्लर नावाच्या बाईंचं जुनं हॉटेल होतं. चार मजली, हिरव्या खिडक्यांचं, नीटनेटकं पण भपका अजिबात नाही. तळघर आहे का विचारल्यावर त्या म्हणाल्या, "हो, आहे. पूर्वी वाइन ठेवायचो. पण भिंती थंड राहत नाहीत म्हणून बंद केलं."

दगडी पायऱ्या उतरून खाली गेलो. तळघर बांधलेलं नव्हतं, डोंगरात कोरलेलं होतं. कमानीचं छत, खाली सपाट केलेला खडक. मी भिंतीला हात लावला. भिंत कोमट होती. एखाद्या झोपलेल्या जनावराच्या पाठीवर हात ठेवल्यासारखं वाटलं. आईंनीही हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही.

वाइनला ऊब चालत नाही, पण आमच्या यंत्राला चालते. फक्त ती बदलता कामा नये. थर्मामीटरवर तापमान एकाच आकड्याला चिकटून होतं. मी सिस्मोमीटर खडकावर ठेवला, वर झाकण घातलं आणि रेघ सुरू केली. वाईट जागा लगेच कळते. चांगल्या जागेसाठी वाट पाहावी लागते. फ्राऊ त्सीग्लरनी आम्हाला वरची एक खोली दिली आणि आम्ही यंत्राला एकटं सोडलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी उघडून पाहिलं. रेघ पट्टीनं आखल्यासारखी. मी ताबडतोब बॉसना फोन लावला.

"तळघर?" डॉक्टर ब्रांट म्हणाले. "फ्राऊ मेश्राम, लोक बाडेन-बाडेनला झुंबरं बघायला येतात. मी त्यांना बटाटे ठेवायच्या जागेत नेऊ?"

"वाइन ठेवायची जागा होती."

"मोठं हॉटेलच घेऊ. यंत्राखाली कंपन शोषणारं टेबल टाकू."

"मागच्या वर्षीही टेबल होतं."

"दुपारी बोलू," म्हणून त्यांनी फोन ठेवला. त्यांचा सूर नकाराचा होता.

मी सामान आवरायला खाली गेले. आई खुर्ची घेऊन लॅपटॉपसमोर बसल्या होत्या. मी केबल काढायला हात पुढे केला आणि थांबले. त्या सपाट रेघेवर एक बारीक थरकाप सुरू झाला होता. आधी मला वाटलं, वर कुणी काही ओढतंय. मी जिना चढून पाहून आले. फ्राऊ त्सीग्लर रिसेप्शनवर पेपर वाचत होत्या. रस्ता रिकामा होता. परत आले तर थरकाप चालूच, आणि तो पावलांचा नव्हता. गाडीचा नव्हता, पंपाचाही नव्हता. काल दिवसभर पाहिलेल्या कुठल्याच कंपनासारखा तो नव्हता.

"आई," मी म्हणाले, "हा भूकंप आहे. फार लांबचा."

"ही पहिली लाट?"

"हो. सगळ्यात वेगानं येते ती."

"म्हणजे दुसरी यायचीय." त्यांनी शाल घट्ट लपेटून घेतली. "आणि मग ती मोठी, जमिनीच्या वरून येणारी."

मी केबलवरचा हात काढला. आम्ही दोघी बसून राहिलो. काही मिनिटांनी दुसरी लाट आली, पहिलीपेक्षा रुंद. मग पुन्हा बरीच शांतता. आणि मग रेघ हळूहळू वर चढायला लागली. वर, अजून वर, मग तितक्याच सावकाश खाली. पुन्हा वर. एका चढउताराला आमचे दोन-तीन श्वास होत होते. पायाखाली काहीच जाणवत नव्हतं. टेबलावरच्या पेल्यातलं पाणीसुद्धा स्थिर होतं. पण हे तळघर, वरचं हॉटेल, हा डोंगर, खालचं कॅसिनो, तिथे सकाळच्या टूरला आलेले लोक, सगळं गाव एकसाथ अगदी किंचित वर उचललं जात होतं आणि खाली ठेवलं जात होतं. कुणालाही पत्ता नव्हता. आमचं काम रोजच लहान गोष्टी मोजायचं. इतकी मोठी गोष्ट इतक्या हळुवारपणे चाललेली मी कधी पाहिली नव्हती.

आईंकडे पाहिलं तर त्यांच्या डोळ्यांत पाणी.

"मी जन्मभर फळ्यावर काढत आली हे," त्या म्हणाल्या. "दोन पोरींच्या हातात दोर द्यायची, एकीला झटका मारायला सांगायची. बघा, लाट अशी जाते. पुस्तकात आहे म्हणून सांगायची, बेटा. खरंच अशी जात असेल, हे आज पाहिलं."

मग लगेच त्यांचा चेहरा बदलला. "कुठं झाला? तिथं माणसं असतील."

किल्लारीच्या भूकंपानंतर आईंनी शाळेतल्या मुलींना घेऊन घरोघर कपडे गोळा केले होते, हे मला मिलिंदनं सांगितलं होतं. मी वर जाऊन इंटरनेटवर पाहिलं. भूकंप पॅसिफिकच्या पार पलीकडच्या बाजूला, समुद्राच्या तळाशी झाला होता. आसपास वस्ती नव्हती, किनाऱ्यावरही फारसं नुकसान नव्हतं. आईंनी ते मला दोनदा वाचायला लावलं, मग चहा घेतला.

मी तो आलेख डॉक्टर ब्रांटना पाठवला. खाली एकच ओळ लिहिली: ही जमीन एवढी शांत आहे की पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाची हालचाल इथे स्वच्छ दिसते.

दुपारी त्यांचा फोन आला. ते मूळचे फिजिसिस्ट, मॅनेजर नंतर झालेले. आवाज अगदी वेगळा होता.

"हे तुम्ही तळघरात बसून पाहिलंत? चालू असताना?"

"हो. सासूबाईंबरोबर."

"मला हेवा वाटतोय," ते म्हणाले. थोडं थांबून विचारलं, "पायऱ्यांवर दिवे आहेत का? पाहुण्यांत काही वयस्क आहेत."

त्या उन्हाळ्यात डेमो तिथेच झाला. आम्ही पायऱ्यांवर दिवे लावले, कठड्याला दोर बांधला. पाहुणे मोठ्या हॉटेलातून गाडीनं आले आणि तळघराचं दार बघून त्यांनी एकमेकांकडे पाहिलं. डॉक्टर ब्रांटनी यंत्राबद्दल आधी काहीच सांगितलं नाही. त्यांनी भूकंपाचा आलेख भिंतीवर दाखवला आणि म्हणाले, "तुम्ही ज्या खडकावर उभे आहात, त्यानं हे टिपलंय." कुजबुज थांबली. मग यंत्र सुरू केलं. आरशाचं चित्र पडद्यावर आलं आणि जरासुद्धा न थरथरता तिथेच राहिलं. त्यांच्यातल्या सगळ्यात ज्येष्ठ गृहस्थांनी टाच उचलून हलकेच खाली ठेवली. चित्र एकदा शहारलं आणि पुन्हा स्थिर झालं. ते हसले. "गेनाऊ," म्हणाले, म्हणजे अगदी बरोबर. त्यांनी भिंतीला हात लावला, ती कोमट आहे हे त्यांच्या लक्षात आलं, आणि मग एकेक जण येऊन हात लावून बघू लागला. थोडा वेळ तर यंत्राकडे कुणाचं लक्षच नव्हतं.

ऑर्डर शरद ऋतूत आली. ग्रुप टिकला. डेमोच्या दिवशी संध्याकाळी सगळे कॅसिनोत गेले होते. मी गेले नाही, कारण सामान बांधायचं होतं.

तेव्हापासून डेमोसाठी हॉटेल निवडायचं काम कायमचं माझ्या गळ्यात पडलं. त्यातून एवढं शिकले, की खोलीत काय आहे हे शेवटी बघावं, आधी खोलीखाली काय आहे ते विचारावं. नवीन गावात गेले की मी रिसेप्शनवर नाश्त्याची, वायफायची चौकशी करत नाही. तळघर आहे का, आणि ते खडकावर आहे का, एवढंच विचारते. बहुतेक ठिकाणी ते माझा पासपोर्ट पुन्हा एकदा मागतात.