पेटीतला पुदिना

सन १९०९. मला छप्पन सरून सत्तावन्नावे लागले होते. देवासच्या थोरल्या पातीत, म्हणजे थोरल्या राजांकडे, स्वाराची नोकरी करून घरी बसलो होतो. लिहिणे बेताचेच शिकलो, तेव्हा अक्षर जसे उमटेल तसे.

त्या माघात बायकोच्या अंगावरून वारा गेला. उजवा हात लुळा पडला. जीभ मात्र शाबूत राहिली, आणि धारही तीच.

शेजारच्या वहिनी ताट पाठवीत. ही दोन घास खाई आणि ताट सारी. म्हणे, चवच लागत नाही. तोंडाला रुची असे ती एकाच जिनसेची: परसातला पुदिना वाळवून, चुरून, कणकेत घातलेली बाटी. डब्यात मागचा चुरा होता तोवर मीच बाट्या केल्या. ओवा, मीठ, तुपाचे मोहन. घट्ट मळायचे, गोवऱ्यांचा धूर सरला की आरात पुरायच्या. फुटलेली बाटी तुपात बुडवून दिली की ही अख्खी खाई. ह्या कामाची मला लाज नव्हती. दौऱ्यावर प्रत्येक स्वार आपली बाटी आपण भाजतो.

पण डबा संपत आला. वैशाखात आमची विहीर तळ गाठते आणि पुदिना करपून जातो. त्याआधी पाला वाळवला नाही, तर पुढे ही काय खाणार हा घोर होता.

"खुडून धुवा, नीट निथळू द्या," ती खाटेवरून म्हणाली, "आणि पुढच्या ओसरीवर पसरा. तिथे सावली आहे, वारा आहे. उन्हात काळा पडतो."

"मागल्या खोलीत पसरतो."

"मागे वारा कुठला? कुबट होईल."

ओसरीवर म्हणे! गल्लीची आमची बाजू थोरल्या पातीची, समोरची धाकट्या पातीची. एका गावात दोन राजे. समोरच्या ओट्यावर त्यांचे दोन पेन्शनर स्वार उजाडल्यापासून चिलीम ओढत बसत. त्यांच्यापुढे मी जन्मभर मिशी खाली केली नाही. बाटी भाजणे गड्याचे काम, पण सूप घेऊन पाला निवडणे बायकांचे. थोरल्या पातीचा स्वार पुदिना निवडतो, ही बातमी दिवस मावळायच्या आत त्यांच्या पागेत पोचली असती.

मी पाला धुतला, पंच्यात बांधला, गणवेशाच्या पेटीत घातला आणि कुलूप लावले. पेटी पत्र्याची, खिडकीतल्या उन्हाने तापायची. आत आपोआप वाळेल असा माझा अंदाज. हिला सांगितले, "वाळतोय."

डबा रिकामा झाला त्या दिवशी पेटी उघडली. पागेत भिजलेल्या गवताला येतो तसा भपकारा आला. पाला काळा, चिकट, वर पांढरी बुरशी. ते गाठोडे हिने मागितले, म्हणून न्यावे लागले.

तिने हुंगले. "पेटीत घातलात? कुलूप लावून?"

मी गाठोडे परत बांधू लागलो.

"अहो, पुदिना होता तो. पळवून आणलेली बाई नव्हे."

हसेल असे वाटले. हसली नाही. त्या दिवशी नुसत्याच बाट्या केल्या. तिने एक कोर चघळली आणि ताटली डाव्या हाताने माझ्याकडे सरकवली. मनगट इतके वाळले होते की बांगड्या कोपराकडे घरंगळल्या.

"समोरचे ते दोघे," ती हळू म्हणाली, "माझ्या घासाहून मोठे झाले का हो?"

मला मान वर करवेना. नोकरीत चूक झाली तर दंड भरून माणूस मोकळा होतो. इथे दंड कोण करणार? उरलेल्या बाट्या मी खाल्ल्या नाहीत, गाईला घातल्या.

मोरीच्या पाण्यावर एक वाफा अजून जीव धरून होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो खुडला, धुतला, निथळला, आणि सूप घेऊन ओसरीवर जाऊन बसलो. समोरून हाक आलीच, "यो कंई करी रिया हो, दादा? भाभी ने नौकरी पे राखी लियो कंई?" वहिनीने मला नोकरीला ठेवले म्हणत दोघे खोकला येईतो हसले. माझे कान तापले. मी सूप त्यांना नीट दिसेल इतके पुढे ओढले आणि पाने निवडत राहिलो.