उरलेल्या चारांचं काय करायचं

टोमॅटोच्या हजार रोपांची ऑर्डर आली तर मी ट्रेमध्ये हजारच बिया कधी टाकत नाही. काही उगवत नाहीत, काही माना टाकतात. शिवाय लावणीनंतर शेतात मेलेल्या रोपांच्या जागी दुसरी लावावी लागतात. त्याला नांग्या भरणं म्हणतात. नांग्यांसाठी थोडी रोपं जास्त धरायची, ही रोपवाटिकेची रीत. जुन्नरहून ओझरला जाणाऱ्या रस्त्यालगत माझं शेडनेट उभं राहून बरीच वर्षं झाली. ही रीत माझ्या इतकी अंगवळणी पडली आहे की तिच्यापायी मी एकदा घरात मोठी चूक केली.

माझी सून महाळुंगे पडवळची. लग्नानंतर बरीच वर्षं तिला मूल झालं नाही. शेवटी पुण्यातल्या एका दवाखान्यात टेस्ट ट्यूब बेबीचा उपचार घेतला आणि नात झाली. ती आता तीन वर्षांची आहे आणि माझे ट्रे उलटे करणं हा तिचा उद्योग आहे. तिच्या वेळी सुनेचं ब्लड प्रेशर असं चढलं की डॉक्टरांनी बजावलं, पुन्हा ही जोखीम घ्यायची नाही. मायलेकी दोघी धडधाकट घरी आल्या, मला तेवढं पुरे होतं.

मागच्या वर्षी दवाखान्याचं पत्र आलं. उपचाराच्या वेळी तयार झालेले आणखी चार भ्रूण त्यांच्याकडे गोठवून ठेवलेले होते. ते आणखी काही काळ तसेच ठेवायचे, नष्ट होऊ द्यायचे, की संशोधनासाठी द्यायचे, हे नवरा-बायकोने मिळून कळवायचं होतं.

सुनेने तिथल्या डॉक्टरबाईंना फोन केला. बाईंनी आडपडदा ठेवला नाही. संशोधनाला दिले तर त्यांच्यातून मूळपेशी काढतात, म्हणजे ज्यांच्यापासून शरीराचा कुठलाही भाग बनू शकतो अशा पेशी. भ्रूण त्यात उरत नाही. त्या अभ्यासातून उद्या कुणाचं दुखणं बरं होईल का, तेही आज कुणी सांगू शकत नाही. फोन ठेवून सुनेने हे सगळं आम्हाला जसंच्या तसं सांगितलं.

माझं मत मी तिथल्या तिथे दिलं. "नष्ट होऊ दे आणि मोकळी हो." आमच्या ह्यांनी "तुमचं तुम्ही बघा" म्हणून मोटर चालू करायला धूम ठोकली.

मुलाने ही गोष्ट आतेभावाला सांगितली आणि दोन दिवसांत ती सगळ्या भावकीत पोचली. मग मतं यायला लागली. एकजण म्हणाला, परदेशात असल्या पेशींपासून माणसंच्या माणसं बनवतात, सांभाळून. दुसऱ्याने सुचवलं, त्या चारांत मुलगा आहे का ते आधी बघून घ्या. त्याला मी चहा न देता वाटेला लावलं. माझ्या थोरल्या नणंदबाई चार घरं सोडून राहतात, नातीवर त्यांचा फार जीव. त्या तर येऊन बसल्याच.

"अगं, ती लेकरंच की. देवानं पाठवलेली. ती चिरायला द्यायची?"

"मग ठेवायची तरी किती दिवस, वन्सं?"

"ते मला नको विचारू. पर चिरायला न्हाई द्यायची."

शेडनेटमध्ये बिया टाकायला येणाऱ्या बायका तरी मागे कशा राहतील?

"वैनी, म्हंजी चार पोरं फ्रीजमंदी हायती?"

"फ्रीजमध्ये नाही गं, टाकीत. आणि पोरं कसली, टाचणीच्या टोकापेक्षा लहान असतात."

"मंग लाईट गेली तर?"

"तुझ्या वाडीवानी हाय का त्ये?" दुसरी म्हणाली. "पुन्यात जनरेटर असत्यात."

"पर वैनी, त्येला जीव म्हनायचा का न्हाई?"

सगळ्यांचे हात थांबले. मला कामाची घाई होती. मी म्हणाले, "हे बघा, आपण नांग्यांना जास्तीची रोपं धरतो ना, तसंच ते. रान भरलं. उरली ती उरली."

बायका हसल्या. एक हसता हसता गप्प झाली म्हणून मी मागे पाहिलं. सून चहाची किटली घेऊन उभी होती. तिने किटली पालथ्या क्रेटवर ठेवली आणि निघून गेली.

पुढचे तीन दिवस घरात भांडण नव्हतं. ती सगळी कामं करत होती, नातीला न्हाऊ घालत होती, "आई, वाढलंय" एवढं म्हणत होती. त्यापलीकडे एक शब्द नाही. ते पत्र फ्रीजवर दह्याच्या भांड्याखाली दाबून ठेवलेलं होतं आणि कळवायची तारीख जवळ येत होती. माफी मागायची मला सवय नाही. मी कामं काढून जुन्नरला गेले.

जुन्नरच्या बाजारपेठेत माझ्या एका मैत्रिणीचं कापडाचं दुकान आहे. तिच्या सासरचे लोक कैक पिढ्यांपूर्वी राजस्थानातून आलेले, जैन. मी तिला भाभी म्हणते, ती मला वहिनी. मुलाच्या लग्नाचा बस्ता तिच्याकडेच बांधला होता. मी गादीवर बसले आणि सगळं सांगितलं, माझं बोलणंही सांगितलं. शेवटी विचारलं, "तुमचं काय मत, भाभी?"

ती साडीची घडी घालत होती. "आम्ही बटाटा खात नाही, वहिनी, त्यात अनंत जीव असतात म्हणून. मला विचाराल तर मी नाही देणार. पाप वाटतं मला."

"म्हणजे तुम्हीपण नणंदबाईंच्या बाजूच्या."

"पण मला कोण विचारतंय? त्या सुया मी टोचून घेतल्या नाहीत. तुम्हीपण नाही." तिने घडी कपाटात सारली. "सूनबाईला विचारलंत, तिला काय वाटतं?"

विचारलं नव्हतं. सगळ्या भावकीची मतं मला तोंडपाठ होती आणि सुनेचं माहीत नव्हतं. मी चहा अर्धा टाकून उठले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सून रोपांना पाणी घालत होती. मी पाइप तिच्या हातातून घेतला.

"त्या दिवशी बायकांसमोर बोलले ते चुकलं माझं."

तिने ओले हात पुसले. मग म्हणाली, "नांग्यांची रोपं म्हणालात त्याचं नाही वाईट वाटलं, आई. जास्तीची धरली होतीच. उरली ती उरली म्हणालात त्याचं वाटलं. तुम्ही उरलेला ट्रे कधी उकिरड्यावर टाकलाय का?"

टाकलेला नाही. उरलेले ट्रे मी रस्त्याकडच्या बांधावर ठेवते. ज्याला लागतील तो नेतो. कोण नेतो, कुठे लावतो, मी कधी विचारत नाही. इतकी वर्षं हे मी करत आले, पण त्या दिवशी बायकांना उत्तर देताना ते माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

"मग तुला काय वाटतं ते सांग," मी म्हणाले.

"इंजेक्शनं घेताना सारखं मनात यायचं, डॉक्टरांना हे सगळं कुठून कळलं? माझ्याआधी कुठल्यातरी बायकांनी काहीतरी दिलं असेलच ना. त्यांच्याही घरी सासू असेल."

"आणि ती बोलली असेल."

"बोललीच असेल." ती हसली. चार दिवसांत पहिल्यांदा. मग गंभीर झाली. "मला द्यायचेत. ह्यांनाही पटलंय. पण त्या नुसत्या पेशी आहेत, असं मला कुणी समजावू नका. माझे आहेत म्हणून देतेय."

मी समजावलं नाही. पाइप एकाच ट्रेवर धरून राहिले होते, तो मात्र पाण्याने भरून वाहिला.

पुण्याला जायचा दिवस ठरला तशा नणंदबाई फुगल्या. एरवी नातीला त्याच सांभाळतात. "त्या कामाला निघाला असाल तर पोरीला माझ्याकडं ठेवू नका," म्हणाल्या. आमच्या ह्यांच्याकडे ठेवली तर ती दुपारपर्यंत हौदात सापडायची. मी भाभीला फोन केला.

"मला ते पटत नाही, तुम्हाला माहीत आहे," भाभी म्हणाली.

"माहीत आहे."

"पोरीला लवकर आणा. दूध पाजून आणा, माझ्याकडे गडबड असते सकाळी."

नातीला दुकानात सोडून आम्ही दोघींनी एसटी पकडली. मुलगा चाकणच्या कंपनीतून परस्पर आला. डॉक्टरबाईंनी सुनेला आधी एकटीला आत नेलं. कुणाच्या दबावाखाली तर देत नाही ना, हे विचारलं, अजून मन बदलता येईल असंही सांगितलं. मी बाहेर बाकावर बसले. भाभीचं ऐकलं नसतं तर दबाव आणणारी मीच निघाले असते, देऊ नको म्हणून. मग मुलालाही आत बोलावलं आणि दोघांनी सह्या केल्या, सुनेने प्रत्येक पान वाचून. बाहेर आल्यावर तिने पाणी मागितलं, आणि परतीच्या एसटीत मंचरपर्यंत माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. मी मंचर येईपर्यंत हलले नाही.

दुकानात पोचलो तेव्हा नात खणांच्या गठ्ठ्यावर पालथी झोपलेली होती. सून भाभीच्या पाया पडायला वाकली. भाभीने तिला मधेच धरलं. "राहू दे, राहू दे." काय झालं, केली का सही, एक शब्द विचारला नाही. मला म्हणाली, "जेवली. भाजीत कांदा कुठंय म्हणून दोनदा विचारलं. पण जेवली."

नणंदबाई आठ दिवसांनी आल्या. मत बदललेलं नाही, अजूनही नाही. पण आल्या आल्या नातीला कडेवर घेतलं आणि सुनेसाठी आणलेले लाडू तिच्या हातात दिले. मला तेही पुष्कळ वाटलं.

पुढच्या खेपेला जुन्नरला जाताना भाभीच्या गच्चीवरच्या कुंड्यांसाठी मिरचीची रोपं नेली. बांधावरची नव्हे. ऑर्डरच्या ट्रेमधली, निवडून काढलेली.