डॉक्टर खरं काय म्हणाले होते

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. मुलीलाही नाही. कितीदा तोंडाशी आलं आणि मी विषय बदलला — आता तुम्हालाच सांगतो.

माझी बायको सुमन उमेळे गावची, बागायतदाराची लेक. लग्नानंतर आम्ही विरारला चंदनसारला राहिलो. माहेरून मोगरा आला की ती केळीचं सोपट, म्हणजे खोडाची वाळकी साल, पाण्यात भिजवून तिच्या धाग्यात गजरे ओवायला बसायची. नव्वदच्या सुमारास कॅन्सरमुळे तिचा एक स्तन काढावा लागला. ती बरी झाली. मी मात्र — कसं लिहू? — तिच्याकडे बघायचं टाळू लागलो. त्या जागी सिलिकॉनची पिशवी बसवता येते असं कळल्यावर मीच मागे लागलो.

"मला नको हो," ती म्हणाली. "पदर आहे की. आणि तुम्ही कुठे पेपरातून डोकं वर काढता?"

ती हसली. मी हसलो नाही. तेवढ्यावरून ती ऑपरेशनला तयार झाली.

काही वर्षांनी सोपटाच्या पाण्यात हात घातला की तिची बोटं पांढरी पडायला लागली, मग निळी. हळूहळू कातडी ताठरली, मूठ मिटेना. शरीर स्वतःवरच उलटतं, तसला आजार निघाला. एकदा तपासणीनंतर ती बाहेर बाकावर बसली होती आणि मी एकटाच आत होतो. मी विचारलं — त्या पिशवीमुळे तर नाही?

"तसं सिद्ध झालेलं नाही," डॉक्टर म्हणाले. "पण काही बायकांच्या तक्रारी आहेत, त्यामुळे नाहीच असंही मी म्हणणार नाही. काढल्यावर बरं वाटेलच, याची खात्री नाही. त्यांना विचारा. त्यांची इच्छा असेल तर काढू."

त्यांना विचारा. एवढंच करायचं होतं.

बाहेर आलो तर तिनेच विचारलं, "अहो, हे आतलं काढून टाकलं तर?"

"डॉक्टर म्हणाले, त्याचा काही संबंध नाही. हात लावायचा नाही."

तिने मान डोलावली. माझ्यावर विश्वास होता तिचा. मला कसली भीती होती? ऑपरेशनची? नाही. ते काढलं की पुन्हा तिच्याकडे बघावं लागेल, याची. आजार पिशवीनेच झाला का, मला माहीत नाही — डॉक्टरांनाही नव्हतं. पण शरीर तिचं होतं. ठरवायचं तिने होतं, आणि मी तिला ते कळूच दिलं नाही.

पुढे माहेरचा मोगरा ती तसाच शेजारी वाटून टाकायची.

तिच्या शेवटच्या उन्हाळ्यात एका दुपारी मी तिच्या खाटेशी जाऊन बसलो. आज सांगायचंच. "सुमन," म्हणालो आणि नुसता खाकरत राहिलो.

"पाणी हवंय का?" तिने विचारलं.

मी मान हलवली — हो म्हणून.

ती उठली. बोटं वळत नव्हती, म्हणून दोन्ही तळव्यांत पेला धरून तिने पाणी आणलं. मी ते सगळं प्यायलो.