दाटीतला तांबेरा

माझे अक्षर वाकडे आहे आणि ऱ्हस्व-दीर्घही चुकते. ही वही कुणाच्या हाती लागली तर त्याची आधीच माफी मागते. चौथीपर्यंतच शिकले. पण जवाच्या पानावरचे फोड मला मोजता येतात, आणि ते मी आमच्या शेतकी केंद्रात कुणाहीपेक्षा नीट मोजते.

काम असे आहे. ट्रेमध्ये जव उगवून पहिले पान बोटभर झाले की त्यावर मुद्दाम तांबेरा लावायचा. इथे सगळे त्याला गेरुई म्हणतात. रोगाची तांबूस पूड शंखजिऱ्यात मिसळून मलमलीच्या पुरचुंडीत बांधायची आणि ओल्या पानांवर एकदाच झटकायची. रात्रभर प्लास्टिकखाली झाकले की सकाळी अर्धे ट्रे उबदार खोलीत, अर्धे थंड खोलीत. मग फोड कधी फुटतात आणि किती, ते भिंगातून बघायचे. दहा फोड झाले की मी वाटीत तुरीचा एक दाणा टाकते. मध्येच कुणी बोलले तरी आकडा हरवत नाही.

त्या हिवाळ्यात उबदार खोलीतल्या एका ट्रेवर फोड टाचणीच्या टोकाएवढेच निघाले. शेजारच्या ट्रेवर खसखशीएवढे होते. संशोधन करणारी मुलगी शहराच्या लष्कर भागातली, आपल्याच मराठी घरातली, पण बोलणे अर्धे हिंदी. ती म्हणाली, "काकू, तुम्ही इसमें पुरानी पूड लगा दी. सगळा संच बेकार."

केंद्राच्या मोठ्या मॅडम रागावल्या नाहीत. कारण कळेपर्यंत माझी पंधरवड्याची मजुरी थांबवली आणि पुरचुंडी दुसऱ्या बाईकडे दिली. मजुरीपेक्षा ते जास्त लागले.

चारचौघांत माझे तोंड उघडत नाही. संध्याकाळी मुरारला घरी परत जाताना टेंपोत बसून तो दिवस आठवत राहिले. पूड झटकताना मला कुणीतरी दारात बोलावले होते. परत आले आणि झालेल्याच ट्रेवर पुन्हा झटकली.

दुसऱ्या दिवशी तो ट्रे पुन्हा पाहिला. एक पान इतरांखाली वाकले होते. त्याच्यावर पूड जेमतेम पोचलेली, फोड तीनच, पण तिन्ही खसखशीएवढे. पूड जुनी असती तर हे एवढे कसे झाले असते?

मी मॅडमकडे गेले. "चूक माझीच आहे, पण वेगळी. पूड ताजी होती. ह्या ट्रेवर दोनदा झटकली. पानात रस तेवढाच, खाणारे वाढले की प्रत्येकाच्या वाट्याला कमी."

मुलगी हसली. "काकू, आता थीसिस तुम्हीच लिहा."

"हसू नकोस," मॅडम म्हणाल्या. "करून बघू."

एकाच पुरचुंडीतून काही ट्रेंवर एकदा, काहींवर दोनदा झटकली. दोन्ही तऱ्हेचे ट्रे दोन्ही खोल्यांत ठेवले. उबदार खोलीत आठव्या दिवशी फोड फुटले. दाटीतले बारीक, विरळ पानांवरचे मोठे.

"इथे ठीक है, पण थंडमध्ये पण बघावं लागेल ना," मुलगी म्हणाली.

थंड खोलीत आठव्या दिवशी पाने हिरवीगार. बाराव्या दिवशी नुसते फिकट ठिपके. मुलगी रोज डोकावायची. "काकू, काहीच नाही."

"येतील. ह्या दिवसांत दही तरी कुठे वेळेवर लागतं तुमच्याकडे?"

अठराव्या दिवशी फुटले. थंडीने सगळ्यांनाच उशीर केला होता, पण दाटीतले तिथेही बारीकच. एका पानावर मी शहाऐंशी मोजले, मुलीने चौऱ्याऐंशी. तिने पुन्हा मोजले आणि शहाऐंशी लिहिले. मग पानांवरची पूड झाडून काट्यावर तोलली. दाट पानावर फोड पुष्कळ, पण एकेका फोडाची पूड कमी भरली. मुलीने माझ्यासमोर ते रजिस्टरमध्ये लिहिले आणि म्हणाली, "सॉरी काकू, मीच घाई केली."

मॅडमनी पुढच्या संचात दोनदा झटकायचे ट्रे मुद्दाम ठेवले आणि पुरचुंडी माझ्या हातात परत दिली. शनिवारी थांबवलेली मजुरी मिळाली, पंधराच्या पंधरा दिवसांची.