भरलेल्या मॅगझिनचा राखणदार

समस्त बर्मिंगहॅमकरांस अत्यंत गांभीर्यपूर्वक कळवण्यात येते की, आमच्या टेस्टिंग लॅबमधल्या सर्वांत मवाळ माणसाने काल आम्हा सगळ्यांची बोबडी वळवली.

हे गृहस्थ नागपूरचे. चहाचा मगसुद्धा आवाज न करता ठेवतात. रायफलची प्लास्टिकची मॅगझिनं नकली गोळ्यांनी गच्च भरून त्यांनी कपाटात वर्षानुवर्षं सांभाळली होती. आतली स्प्रिंग गोळ्यांना सतत वर रेटते. त्या ताणाने प्लास्टिक कमजोर होतं का, हे बघायचं होतं. मी नुसतं बोट लावायला गेले तरी कुजबुजायचे, "राहू द्या ना बाप्पा, झोपलंय ते!"

काल मुदत संपली. मॅगझिन पास झालं की माल थेट सैन्याकडे जाणार, म्हणून मॅनेजरबाई केक घेऊन हजर. गृहस्थांनी एक मॅगझिन दोन्ही हातांनी उचललं, कपाळाला लावलं, खांद्याइतकं वर नेलं आणि खुशाल खालच्या काँक्रीटवर सोडून दिलं! मॅगझिनचं तोंड तडकलं, गोळ्या खुर्च्यांखाली उधळल्या.

"अहो, काय केलंत हे?" मी किंचाळले.

आणि तो मवाळ माणूस चक्क ओरडला, "सैनिकाच्या हातून पडणारच की कधीतरी! बरं झालं, इथंच फुटलं!"